कथेतली मी

"आज वर्गात सांगितलेली कथा तुझीच ना?" खरात मॅडमनी विचारलं.

अकरावीतली सुकेशिनी स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोर उभी होती. आज प्रथमपुरुषी निवेदनाचा तास होता आणि प्रत्येकाने 'मी' वापरून एक छोटी कथा सांगायची होती. तिच्या कथेतल्या मुलीचं लग्न काकांनी परस्पर ठरवलं होतं.

"हो मॅडम. मीच रचली."

"त्यातली 'मी' कोण?"

"कुणीच नाही. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, असं तुम्हीच शिकवलंत."

उत्तर अगदी बरोबर होतं, पण पाठ करून आल्यासारखं पटकन आलं. एरवी शंका विचारून भंडावून सोडणारी ही मुलगी आज मान वर करत नव्हती. मॅडमना राहवेना.

"शेवट नाही सांगितलास तो?"

"सुचला नाही."

"बरं, तिचं लग्न कधी आहे?"

"परवा," सुकेशिनी बोलून गेली आणि दचकली. कथेत तिने दिवस सांगितलाच नव्हता.

मॅडमनी उठून दार लोटलं. तिला जवळच्या खुर्चीत बसवलं.

"तू म्हणतेस तसंच धरू. ती मुलगी तू नव्हेस. पण हे लग्न थांबवायला तिच्या मॅडमनी आत्ता पोलिसांना फोन केला, तर तिला चालेल का?"



"तिला चालेल," सुकेशिनी पुटपुटली. मग तिला हुंदका आवरेना. "मला चालेल, मॅडम."