आबांचा खांदा

तेजश्री घणसोलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत स्वतःच्या हाताने इलेक्ट्रिक गिटार घडवत होती. वडील, शहाजी, वाशीच्या बाजारात पोती वाहून घरी आले की पट्टा खांद्याला अडकवून गिटार तोलून बघायचे आणि म्हणायचे, "जड हाय अजून."

मग ती मागच्या बाजूने आणखी थोडं लाकूड कोरून काढायची. आठवडाभर हेच चाललं.

शेवटी ती वैतागली. "आबा, तुम्ही पन्नास किलोचं पोतं उचलता. ही चार किलोचीसुद्धा नाही!"

शहाजींनी गिटार हलक्या हाताने तिच्या खांद्यावर चढवली, पट्टा सरळ केला.

"पोतं उचललं की आमी ते टाकायची जागा हुडकतो, पोरी. ही तू खाली ठेवणार हायस व्हय?"