मागे राहिलेला चष्मा

आमचा स्टार विनोदवीर गावोगाव तासभर लोकांना हसवतो आणि शेवटी खिशातून चष्मा काढतो. “बाबा गेले, एवढा मागे राहिला,” म्हणत गळा काढतो. लोक उभं राहून टाळ्या पिटतात. त्याच्याआधी चार विनोद सांगून प्रेक्षक तापवणारा मी विंगेतून हे थेर रोज बघतो. परवा खेळ संपला आणि मेकअपरूममध्ये एक म्हातारे गृहस्थ शिरले. स्टारचा चेहरा पांढराफटक. “बाबा! इथे कशाला तडमडलात? कुणी बघितलं तर?” वडिलांनी टेबलावरचा चष्मा उचलला. “घरभर शोधला रे हा.” “तुम्हाला नवा घेऊन देतो. हा मला लागतो.” वडिलांनी तो डोळ्यांवर चढवला, पोराला नीट न्याहाळलं आणि काढून ठेवला. “राहू दे. मेलेल्या माणसाला चष्मा कशाला?” पुढच्याच गावी पठ्ठ्याने हे वाक्य बाबांचे शेवटचे शब्द म्हणून खपवलं. टाळ्या थांबता थांबेनात.