बाईची ओळ

बाजरीच्या दर चार ओळींमागं एक ओळ तुरीची. ती ओळ बाईची, असा म्हाळसाबाईच्या घरचा रिवाज. पेरणीची पाभर नवऱ्यानं हाकायची, मागं नळीतून तूर तिनं सोडायची. बी तिच्या माहेरचं, दर सुगीला थोडं मागं ठेवून चाळीस वर्षं राखेत जपलेलं. यंदा गाडगं उपडं करून तिनं सगळं पेरलं. खुरपायला माणूस मिळेना, म्हणून लेकानं मंचरहून तणनाशक आणून फवारलं. चौथ्या दिवशी बाजरी तरारलेली, तूर मात्र पिळवटून मान टाकलेली. "दुकानदारानं पीक इचारलं, आये. मी नुसतं बाजरी म्हनलो. तूर ध्यानातच न्हाई आली." "वरण भुरकताना बरी येती ध्यानात!" ती फणकारली. पाण्याचा हंडा बांधावर टेकवून, बाळाचं तोंड पुसावं तसं ओल्या पदरानं एकेक पान पुसू लागली. "आये, औषध मुळात उतरलंय. आता उपेग न्हाई." "ठावं हाय रं," म्हणत ती पुढच्या रोपाशी सरकली.