सतरा नंबरचा फॉर्म

अणदूरच्या मल्हारची शाळा नववीतच सुटलेली. पण सैन्यभरतीला दहावी लागते, म्हणून त्यानं आईच्या नकळत सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली. अभ्यास सगळा माळावर, शेळ्यांमागं. भूगोलाचं निम्मं पुस्तक शेळ्यांनी खाल्लं, तरी सगळ्यात जास्त मार्क भूगोलातच पडले.

गुणपत्रिका हातात आली तसा तो पळतच घरी आला. आई, दैवशालाबाई, ओसरीत ज्वारी निवडत बसली होती.

"माय, दहावी पास झालो. बावन्न टक्के. भरतीला पंचेचाळीसच लागत्यात. आता दादासारखी मी बी वर्दी घालणार."

आईच्या मांडीवरचं सूप कलंडलं. ज्वारी ओसरीभर झाली, तरी ती हलली नाही. दादा तिरंग्यात गुंडाळून घरी आला, त्या दिवसानंतर तिचा चेहरा असा पांढराफटक मल्हारनं पाहिला नव्हता.

"तुला तर म्या नववीतच शाळंतून काढलं हुतं," ती कशीबशी बोलली.

"त्याचा राग न्हाय गं मला. दादा गेल्यावर तू शेळ्या घेतल्यास. राखायला माझ्याबिगर होतं कोण?"

आईनं त्याच्या हातातला कागद घेतला.

"भरतीला दहावी लागती, हे मला ठावं हुतं, लेकरा. शेळ्या राखायला तुला शाळंतून न्हाय काढलं. शाळंतून काढायचं हुतं, म्हणून शेळ्या घेतल्या."