आतली कडी

सुतारानं पिशवीतून लाकडाचा तो तुकडा काढला, तेव्हा विहीणबाईंना वाटलं, पाळण्याचाच एखादा भाग असणार. माणसाचा हात चाळीस वर्षं सुतारकामात मुरलेला, नातू नऊ दिवसांचा. पाळणा सोडून तो आणणार तरी काय? पण तो थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरला, दाराच्या आतल्या बाजूला उकिडवा बसला आणि पेन्सिलीनं चौकटीवर खूण केली.

"व्याही, हे काय चाललंय?"

"कडी बसवतोय. आतून."

"आमच्या घरात कुणी दारं लावून बसत नाही."

"लोखंडी नाहीये," तो म्हणाला. "लाकडाची केलीय. मेण चोळलंय. सरकवली तरी आवाज होत नाही, बाळ उठायचं नाही."

विचारलं एक आणि सांगितलं भलतंच, हे त्याचं त्यालाही कळत होतं. पण लेकीच्या सासरी येऊन तिच्या सासूशी हुज्जत घालणार कशी? त्यानं मान खाली घातली आणि स्क्रू पिळायला घेतले.

लेक पलंगावर बसून होती. केस विंचरलेले नाहीत, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. तिच्या भोवती भेटींचा नुसता ढीग. विणलेली टोपडी, चिमुकले मोजे, कापडाचा ससा, हातानं शिवलेली सहा दुपटी. सगळं मायेनं केलेलं, नाही कोण म्हणतंय? पण प्रत्येक भेटीबरोबर एक माणूस आत आलं होतं, आणि प्रत्येक माणसाला बाळ हातात हवं होतं. काल तर ती पाजत असताना शेजारचे काका आत आले आणि पंखा कुठल्या कंपनीचा म्हणून चौकशी करून गेले. शहाणपण म्हणून काही असतं की नाही माणसाला?

"तुला काय आणू?" असं बापानं फोनवर विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "दाराला कडी." आवाज इतका कोरडा होता की त्यानं पाळण्याचं अर्धं झालेलं काम बाजूला ठेवलं.

शेवटचा स्क्रू बसला. लेक उठली, बापाच्या पाठीला हात लावून तिनं त्याला अलगद बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. आवाज काहीच आला नाही. विहीणबाईंनी दार ढकलून पाहिलं, ते हललंसुद्धा नाही.

मग बाळ रडायला लागलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. "सूनबाई, दार उघड गं." जावई पलीकडच्या खोलीतून धावत आला, त्यानंही हाका मारल्या. बाळाचं रडणं टिपेला पोचलं आणि मध्येच तुटलं. नंतर आतून काही म्हणजे काही येईना.

विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. "काय करून ठेवलंत हो हे? परवा ती मला म्हणाली, आई, याला कुठेतरी घेऊन जा, नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल. मी म्हटलं, असं बोलू नये. म्हटलं आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायला गेले."

हे सुताराला कुणीच सांगितलं नव्हतं. जुन्या, कसदार लाकडाची कडी, चार लांब स्क्रू, बिजागऱ्याही आतल्या बाजूला. खांद्याच्या एका धक्क्यानं हे दार निघणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जीव ओतून केलं होतं ना काम. त्याला स्वतःच्या हातांचा राग आला.

जावई मागे सरला, दारावर धडक द्यायला.

"थांबा," सुतार म्हणाला. "दारामागेच कुणी असलं तर?"

तो फरशीवर आडवा झाला आणि दाराखालच्या फटीला त्यानं कान लावला. आधी त्याला स्वतःच्या छातीतली धडधडच ऐकू आली. त्यानं श्वास रोखला. थोडा वेळ काहीच नाही. मग लांबून करवत ओढल्यासारखा, घरघरता, ऐसपैस आवाज आला.

लेक घोरत होती. थेट बापासारखी. आणि त्या घोरण्याच्या मधूनमधून चुकचुक ऐकू येत होती, बाळ आपली मूठ चोखत पडलं होतं.

सुताराचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, ते त्यानं पुसलेही नाहीत. त्यानं नुसती बोटानं खूण केली. विहीणबाई गुडघे धरत खाली बसल्या, वाकून त्यांनीही कान लावला. एकदा ऐकून त्यांची खात्री झाली होती. तरी त्या बराच वेळ तशाच राहिल्या. मग सावकाश वळल्या आणि बंद दाराला पाठ टेकून बसल्या.

बाहेरचं दार उघडंच होतं. त्यांची धाकटी बहीण हातातला विणलेला स्वेटर नाचवत आत आली.

"ताई, अगं अशी खाली काय बसलीस? बाळ कुठाय? झोपलं की काय?"

"हळू बोल," विहीणबाई म्हणाल्या. "बाळ जागं आहे. त्याची आई झोपलीय."