बापाच्या तीन ओळी

बाहुलीचं डोकं मागे लोंबकळलं आणि अख्खा वर्ग खिदळला.

"हसताय काय?" फूटपट्टी फादर म्हणाले. "खरं बाळ असतं तर आईनं हिसकावून घेतलं असतं. पुढचा!"

पाद्री घडवणाऱ्या त्या सेमिनरीत त्या वर्षी बाप्तिस्म्याचा सराव चालू होता. प्लास्टिकची बाहुली, पितळी भांड्यात पाणी आणि चिठ्ठ्या. चिठ्ठीत निघेल ते व्हायचं: पुरोहित, आई किंवा बाप. विधी शिकवणाऱ्या फादरांचा नियमच होता, जो उद्या प्रश्न विचारणार त्यानं आधी उत्तरं देऊन बघायची. मार्क दोन्हींना. ते ताठ चालत, ताठ बोलत आणि मार्कही ताठच देत, म्हणून पोरांनी त्यांना 'फूटपट्टी' हे नाव ठेवलं होतं.

पुढचे काका होते. बाकीची पोरं तेवीस-चोवीसची, काका एकोणसाठ वर्षांचे. बायकोच्या आजारपणात तिला रोज हात धरून चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला नेता नेता तेच उंबऱ्याच्या आत रमले. ती गेल्यावर कुलपं-किल्ल्यांचं दुकान विकून इथं आले. "काकांना स्वर्गाच्या किल्ल्या कुणी द्यायला नकोत, ते इथूनच घासून नेतील," असं पोरं म्हणायची. काकाही हसायचे.

त्यांना पुरोहिताची चिठ्ठी निघाली होती. त्यांनी आधी पाण्यात कोपर बुडवून बघितलं. बाहुलीच्या मानेखाली तळवा घातला, एकही शब्द न चुकता प्रश्न विचारले आणि डाव्या हातानं पाणी ओतलं.

"सवयीचा हात दिसतो, काका!" एकजण म्हणाला.

"आणि तोही डावा. थेट फूटपट्टीची नक्कल," दुसरा कुजबुजला.

काकांचे कान लाल झाले. फादर खिडकीबाहेर बघत होते. "ठीक," एवढंच म्हणाले.

घोडं अडलं ते दुसऱ्या चिठ्ठीला. बाप. सगळ्यात सोपं काम, तीन ओळींचं. बाळाचं नाव सांगायचं, काय मागायला आलात म्हटलं की "बाप्तिस्मा" म्हणायचं, आणि ही जबाबदारी कळते ना म्हटलं की "होय" म्हणायचं. काका नावालाच थिजले.

"काहीही सांगा हो काका. बंड्या म्हणा!"

काकांनी बाहुली परत टेबलावर ठेवली. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. पुरोहिताचं पानच्या पान पाठ आणि बापाच्या तीन ओळी येत नाहीत, याचं पोरांना आधी हसू आलं, मग वाईट वाटू लागलं. काका जेवायला सगळ्यांच्या शेवटी यायला लागले.

त्यातच एकानं सेमिनरीच्या प्रमुखांच्या, रेक्टरांच्या, खोलीबाहेर फादरांचा आवाज ऐकला. "त्यांना मी तपासणार नाही. दुसऱ्या कुणाकडे द्या." आणि रेक्टर म्हणत होते, "विधी शिकवायला दुसरं आहे कोण इथं?"

फूटपट्टीला काका डोळ्यांसमोर नको आहेत, असं पोरांनी ठरवून टाकलं. काकांनाही ते खोटं वाटलं नाही. आल्या दिवशी फाटकातच फादरांनी त्यांना बजावलं होतं, "इथं तुम्ही विद्यार्थी आणि मी शिक्षक. त्यापलीकडे काही नाही." तेव्हा काकांनी मान खाली घातली होती. ती अजून वर आली नव्हती.

शुक्रवारी दुपारी शेवटची संधी होती. संध्याकाळी पुढच्या वर्षाची यादी लागणार होती. त्यात नाव नसेल तर काकांनी ट्रंक भरायची. वर्गात दोघंच होते.

"या बाळाला काय नाव देता?" फादरांनी पुस्तकातून विचारलं.

काकांनी बाहुली छातीशी धरली.

"पुरोहिताचे प्रश्न तुम्हाला झोपेतही येतील. मग उत्तरं का येत नाहीत?"

"लाज वाटते, फादर."

"कुणाची? बाहुलीची?"

"ही उत्तरं मला एकदा खरीच द्यायची होती. दिली नाहीत."

काका बाहुलीकडे बघून बोलत होते.

"दुकानापासून चर्च पन्नास पावलांवर. मी मित्रांत फुशारकी मारली होती, पाद्र्यापुढे मान डोलवणाऱ्यातला मी नव्हे. बायको बाळाला घेऊन दुकानावरून गेली. जराशी थांबलीसुद्धा. मी वर बघितलं नाही. मग घंटा झाली. ती ऐकू येऊ नये म्हणून मी किल्ल्या घासायचं मशीन लावलं. गिऱ्हाईक नव्हतंच, फादर. नुसतंच लोखंड घासत बसलो."

"आणि ती?"

"तिनं दोघांच्या वाटची उत्तरं एकटीनं दिली. घरी येऊन एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

"मुलाला हे सांगितलंत?"

"छाती झाली नाही. पण त्याला ठाऊक असणारच. त्याच्या आईनं सांगितलं असेल. तिला खोटं बोलणं कधी जमलं नाही."

फादरांनी पुस्तकातली फीत नीट केली. नीट होतीच, तरी पुन्हा केली.

"आई मला शेवटपर्यंत सांगत आली, की त्या दिवशी तुम्ही तापानं फणफणत घरी पडला होतात," ते म्हणाले. "पुन्हा विचारतो, बाबा. या बाळाला काय नाव देता?"