सुयुंचू

बाळांनो, डोळे मिटा आणि एका हाताचा एक्स-रे डोळ्यांपुढे आणा. बोटांची हाडं पांढरी, पण कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. नारीन नदीकाठच्या इस्पितळात डॉक्टर बुरुल्चा असाच एक फोटो खिडकीशी धरून केव्हाची उभी होती.

हात सोनुनचा होता. ती बाहेर व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसली होती. वसंतात तिच्या नडगीच्या हाडात पोकळी दिसली. शहरातल्या डॉक्टरांनी तुकडा तपासला, हाडाचा कर्करोग ठरवला आणि पाय मांडीपासून कापला. आता दंडातही तशीच पोकळी. सोनुनला रोगाचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे आजाऱ्याला ते सांगत नाहीत.

आत तिचा भाऊ सापार होता आणि नऊ वर्षांची लेक, एर्केआय.

"शहरात रक्तातलं कॅल्शियम मोजलं होतं का रे?"

"ते कशाला मोजतील? डॉक्टरबाई, आडून नको. किती दिवस उरलेत तेवढं सांगा."

"दिवस नाही, वर्षं. मी मोजलं, फार वाढलंय. हा कर्करोग नाहीच. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात. तिची एक माजलीय, हाडातलं कॅल्शियम रक्तात ओढतेय. ती काढली की हाडातल्या पोकळ्या हळूहळू भरतात."

सापार उडालाच. "ए पोरी, बघतेस काय? पळ! आईकडे सुयुंचू माग! शिंगरूच माग, कमी घेऊ नकोस!"

आनंदाची बातमी आणणाऱ्यानं सुयुंचू मागायची आणि ऐकणाऱ्यानं हाताशी असेल ते देऊन टाकायचं, अशी रीत.

एर्केआय दारापर्यंत गेली आणि वळली. "पायातली पोकळीपण भरली असती?"

सापारचं हसू विरलं. बुरुल्चानं फोटो खाली ठेवला. पोरांशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

"हो गं. भरली असती."

एर्केआय पळाली नाही. चालत आईपुढे जाऊन उभी राहिली.

"आई, तू मरणार नाहीस."

"म्हणजे मरणार होते होय?" सोनुन हसली, मग तिनं डोळे पुसले. "मला काय कळत नव्हतं का? बोल, सुयुंचू काय देऊ?" तिचा हात बोटातल्या अंगठीकडे गेलाही होता.

एर्केआयनं खुर्चीत आईच्या नसलेल्या पायाच्या जागेकडे पाहिलं. तिनं स्वतःच्याच कानांतले चांदीचे डूल एकेक करून काढले आणि आईच्या तळहातावर ठेवले.